कॅड शिकायचंय, पण हातात फक्त मोबाईल आहे? चंद्रपूर-गडचिरोलीच्या मुलांसाठी साधनं, बातम्या आणि थोडी सावधगिरी

आलापल्लीच्या माझ्या मामेभावाचा मागच्या महिन्यात फोन आला. "दादा, एका क्लासवाल्यानं तीन महिन्यांत ऑटोकॅड शिकवतो म्हटलंय. नोकरीची गॅरंटी पण देतोय. फी भरू का?" त्याच्याकडे लॅपटॉप नाही, मोबाईल आहे. दहावी झालेली, आयटीआयला नंबर लागेल की नाही याची धाकधूक. सूरजागडची खाण, कोनसरीचा प्रकल्प, इकडे चंद्रपूरला वीज केंद्र, वेकोलिच्या खाणी आणि सिमेंट कारखाने. ड्रॉइंग वाचता येणारा माणूस या सगळ्यांना लागतो हे त्यानं ऐकलंय, आणि ते खरंच आहे. म्हणून त्याला फोनवर जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहितोय.

कॅड म्हणजे संगणकाच्या मदतीने केलेलं आरेखन. मोबाईलने काढलेला फोटो ठिपक्यांचा बनलेला असतो, झूम केला की फाटतो. कॅडची रेषा म्हणजे गणित: कुठून सुरू, कुठे संपली, कोणत्या लेयरवर आहे. म्हणून ती कितीही मोठी केली तरी अचूकच राहते आणि तिची लांबी सॉफ्टवेअरला विचारता येते. ऑटोकॅड पहिल्यांदा बाजारात आलं डिसेंबर १९८२ मध्ये. त्याच वर्षी २६ ऑगस्टला चंद्रपूरपासून वेगळा होऊन गडचिरोली जिल्हा झाला, म्हणजे दोघं एकाच वयाचे. त्याआधी हे काम आरेखक आणि अनुरेखक हाताने करायचे. सरकारी भरतीच्या जाहिरातींत ही पदनावं आजही दिसतात.

मोबाईलवर काय जमतं

स्पष्टच सांगतो: मोबाईलवर ड्रॉइंग वाचायला शिकता येतं, रोजचं ड्राफ्टिंग करता येत नाही. बोटाने ट्रिम आणि ऑफसेट करत घराचा प्लॅन काढणं म्हणजे चमच्याने विहीर खणणं.

पण वाचायला शिकणं ही छोटी गोष्ट नाही. डीडब्ल्यूजी ही ऑटोकॅडची फाइल. ती ऑटोकॅडच्या मोबाईल ॲपमध्ये किंवा ब्राउझरमध्ये ऑटोडेस्क व्ह्यूअरवर उघडते. ओळखीच्या सिव्हिल इंजिनीअरकडून जुन्या घराचा एखादा प्लॅन मागून घ्या आणि लेयर बघा, मापं बघा, सेक्शन कुठून कापलाय ते शोधा. थ्रीडी करून बघायचं असेल तर ऑनशेपचं अँड्रॉइड ॲप आहे. त्यात खरोखर मॉडेल बनवता येतं, कारण सगळी आकडेमोड सर्व्हरवर होते. मात्र फुकट प्लॅनमधलं तुमचं प्रत्येक डॉक्युमेंट सार्वजनिक असतं. सरावाला चालेल, कुणाचं काम तिथे टाकू नका.

परदेशी व्हिडिओ आणि उलटा ब्रॅकेट

आता माझी फजिती. इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षी मी एका अमेरिकन चॅनेलवरून कॅड शिकलो. व्हिडिओ सुंदर, समजावणं त्याहून सुंदर. प्रोजेक्टसाठी एक ब्रॅकेट काढला, डाव्या बाजूच्या तोंडावर खाच होती. प्रिंट घेऊन पडोलीकडच्या एका वर्कशॉपमध्ये दिला. दोन दिवसांनी ब्रॅकेट मिळाला तर खाच उजव्या बाजूला. मी वाद घालायला लागलो. मशिनवरच्या काकांनी चष्मा वर केला, कागद बघितला आणि म्हणाले, "काऊन गा बाबू, हे कोण्या देशाचं ड्रॉइंग होय?"

चूक माझीच होती. एखादी वस्तू कागदावर समोरून, वरून आणि बाजूने दाखवताना ती दृश्यं कुठे मांडायची याच्या दोन पद्धती आहेत. अमेरिकेत थर्ड अँगल चालतो: वरून दिसणारं दृश्य वर, डावीकडून दिसणारं डावीकडे. आपल्याकडे भारतीय मानक ब्युरोने फर्स्ट अँगल सांगितलाय. त्यात वरचं दृश्य खाली येतं आणि डावीकडून दिसणारं उजवीकडे. मी व्हिडिओत पाहिल्याप्रमाणे डावं दृश्य डावीकडे मांडलं. काकांनी आपल्या पद्धतीने ते उजव्या बाजूचं समजून खाच केली. समोरच्या दृश्यात लपलेल्या रेषा तुटक दाखवल्या असत्या तर त्यांना शंका तरी आली असती, त्याही मी सोडल्या होत्या. मटेरियलचे आणि मजुरीचे पैसे खिशातून गेले.

म्हणून कुठलंही ड्रॉइंग हातात आलं की आधी टायटल ब्लॉकमध्ये कापलेल्या शंकूचं छोटं चिन्ह शोधा. शंकूच्या उजवीकडे दोन वर्तुळं असली तर फर्स्ट अँगल, डावीकडे असली तर थर्ड अँगल. स्वतःच्या ड्रॉइंगवर हे चिन्ह टाकायला विसरू नका. शाळा-कॉलेजांसाठी मानक ब्युरोचं एसपी ४६ नावाचं पुस्तक आहे (२००३ ची आवृत्ती). त्यात रेषांचे प्रकार, मापं लिहायची पद्धत, सगळं आहे. कंटाळवाणं आहे, पण नोकरीत भांडण झालं तर तेच कामाला येतं.

याच व्हिडिओंचा दुसरा सापळा म्हणजे इंच. ऑटोकॅडमध्ये नवीन फाइल उघडताना टेम्प्लेट विचारलं जातं. नुसतं 'अकॅड' नावाचं टेम्प्लेट इंचाचं, 'अकॅड आयएसओ' मिलिमीटरचं. आपण मिलिमीटरमध्ये काम करतो, नऊ इंची भिंत २३० लिहितो. एककांची गल्लत झाली की दुसऱ्या फाइलमधून आणलेला दरवाजा एकदम २५.४ पट मोठा होऊन बसतो आणि अर्धा दिवस कळत नाही काय झालं ते.

फुकट आणि भरवशाची साधनं

आधी सरकारी. आयटीआयच्या अभ्यासक्रमासाठी केंद्राचं भारत स्किल्स पोर्टल आहे आणि चेन्नईच्या निमी या संस्थेची पुस्तकं आहेत, दोन्ही मोबाईलवर चालतात. आरेखक स्थापत्य आणि आरेखक यांत्रिकी हे दोन्ही ट्रेड दोन वर्षांचे, दहावीनंतरचे. प्रवेश मिळाला नाही तरी त्यांचा अभ्यासक्रम वाचायला कोणी अडवत नाही. पहिल्या भागात पेन्सिल, टी-स्क्वेअर आणि अक्षरलेखन दिसेल. ते गाळून थेट कॅडवर उडी मारू नका. मी मारली होती, ब्रॅकेट वर वाचलाच आहे.

आयआयटी मुंबईचं स्पोकन ट्युटोरियल मला मनापासून आवडतं. साधारण दहा-दहा मिनिटांचे धडे, आवाज पुष्कळ ठिकाणी मराठीत, आणि पद्धत अशी की स्क्रीनच्या एका बाजूला धडा चालू, दुसऱ्या बाजूला तुम्ही तेच करत बसायचं. सगळे विषय कॅडचे नाहीत. त्यात ब्लेंडर आहे, सर्किट बोर्ड काढायचं कायकॅड आहे, मुक्त सॉफ्टवेअरचं मोठं भांडार आहे. व्हिडिओ उतरवून ठेवता येतात, हे आपल्याकडे फार महत्त्वाचं. आयआयटी मुंबईच्याच फॉसी प्रकल्पात ओसडॅग नावाचं स्टीलच्या जोडांचं डिझाइन करणारं मुक्त सॉफ्टवेअर आहे. ते आयएस ८०० या भारतीय मानकावर चालतं, डिप्लोमा किंवा डिग्री सिव्हिलवाल्यांनी बघावंच. एनपीटीईएलवर अभियांत्रिकी आरेखनाची व्याख्यानं फुकट ऐकता येतात, प्रमाणपत्राची परीक्षा द्यायची असेल तर फी पडते.

सॉफ्टवेअर निवडताना नेटवर्क बघा

पुण्यात बसून 'क्लाउडवर करा' म्हणणं सोपं आहे. पावसाळ्यात पर्लकोटाला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो आणि नेटवर्कचाही भरवसा नसतो. तेव्हा ऑनशेप उघडणारच नाही. ऑटोकॅडच्या सबस्क्रिप्शनलाही निदान तीस दिवसांतून एकदा इंटरनेटला जोडून ओळख पटवावी लागते. शिवाय ते उतरवायलाच काही जीबी डेटा जातो आणि संगणकात किमान ८ जीबी रॅम लागते.

लिब्रेकॅड याच्या अगदी उलट. फक्त टूडी, आकाराने लहान, सायबर कॅफेत टाकून दिलेल्या संगणकावरही धावतं आणि कायमचं फुकट. डीएक्सएफ फाइल नीट उघडतं, डीडब्ल्यूजीमध्ये सेव्ह मात्र करत नाही. थ्रीडीसाठी फ्रीकॅड: तेही फुकट, तेही ऑफलाइन.

कॉलेजात असाल तर ऑटोडेस्क विद्यार्थ्यांना एक वर्षाचं मोफत लायसन्स देतं आणि विद्यार्थी आहात तोवर दरवर्षी वाढवून मिळतं. ओळखपत्रावरचं नाव आणि अर्जातलं नाव हुबेहूब जुळलं पाहिजे. वडिलांचं नाव मध्ये आलं-गेलं की अर्ज अडकायची शक्यता असते. आणि हे लायसन्स अभ्यासासाठी आहे, त्यावर पैसे घेऊन प्लॅन काढायचे नाहीत.

कोणत्या बातम्या वाचायच्या

ऑटोकॅडची नवी आवृत्ती दरवर्षी येते, साधारण वसंतात, आणि तिच्यावर पुढच्या वर्षाचा आकडा असतो. युट्यूबवर गाजावाजा होतो. शिकणाऱ्याला त्यातलं बहुतेक काही लागत नाही, लाइन आणि ट्रिम तेच आहेत. मी फक्त दोन गोष्टी बघतो. एक, फाइलचा फॉरमॅट बदलला का. २०१८ च्या आवृत्तीत बदलला होता, तोच पुढे २०२५ च्या आवृत्तीतही राहिला. तुमच्या गावच्या प्रिंटवाल्याकडे जुनं ऑटोकॅड असेल तर नवी फाइल उघडणार नाही, 'सेव्ह ॲज'मध्ये जाऊन २०१० किंवा २००७ चा फॉरमॅट निवडा. दोन, लायसन्सचे नियम. २०१६ पासून ऑटोडेस्कने एकदा विकत घ्या आणि कायम वापरा हा प्रकार नव्या ग्राहकांसाठी बंद केला. तेव्हापासून छोट्या ऑफिसांना दरवर्षी भाडं भरावं लागतं. ज्यांना ते परवडत नाही त्यांचं लक्ष मुक्त सॉफ्टवेअरकडे वळतं.

आणि तिथेच अलीकडची खरी मोठी बातमी आहे. फ्रीकॅडवर २००२ पासून काम चालू आहे, पण १.० आवृत्ती आली १८ नोव्हेंबर २०२४ ला. बावीस वर्षं! यात एक जुनं दुखणं बरंचसं बरं झालं. आधी सॉफ्टवेअर वस्तूच्या प्रत्येक पृष्ठभागाला नंबर द्यायचं. तुम्ही सहाव्या पृष्ठभागावर भोक पाडलं आणि नंतर मूळ आकार थोडा बदलला की नंबर हलायचे, भोक भलत्याच जागी जायचं किंवा मॉडेलच मोडायचं. १.० मध्ये पृष्ठभागाची ओळख जास्त पक्की धरून ठेवली जाते. सुटे भाग जोडायची असेंब्लीची सोयही आता आतच आहे. त्यामुळे फ्रीकॅडचे व्हिडिओ शोधताना तारीख बघा, नोव्हेंबर २०२४ नंतरचे घ्या. जुन्या व्हिडिओंतला निम्मा वेळ हे दुखणं टाळण्याच्या युक्त्यांत जातो.

क्रॅक टाकू नका

टेलिग्रामवर 'फुल व्हर्जन'च्या लिंका फिरतात. नैतिकता बाजूला ठेवा, धोका बघा. इन्स्टॉल करताना अँटिव्हायरस बंद करायला सांगतात, यातच सगळं आलं. व्हायरस नुसत्या ड्रॉइंगच्या फोल्डरमधूनही येतो. २०१२ मध्ये ईसेट कंपनीला मेड्रे नावाचा वर्म सापडला. तो ऑटोकॅडच्याच ऑटोलिस्प भाषेत लिहिलेला होता आणि पेरू देशातून हजारो ड्रॉइंग गुपचूप चीनमधल्या ईमेलवर पाठवत होता. ड्रॉइंगसोबत आलेल्या फोल्डरमध्ये 'अकॅड' नावाची आणि एलएसपी किंवा एफएएस एक्स्टेन्शनची फाइल दिसली, तर ड्रॉइंग उघडायच्या आधी ती उडवा.

क्लासची फी भरायच्या आधी

मामेभावाला म्हटलं, क्लास वाईटच असतो असं नाही. संगणकावर रोज दोन तास बसायला मिळणं हीच त्याची खरी किंमत. पण डेमोला जा आणि तीन गोष्टी विचार. सॉफ्टवेअरचं लायसन्स आहे का? शेवटी हातात काय असेल: नुसतं सर्टिफिकेट, की स्वतः काढलेल्या पंधरा-वीस शीट? आणि समोर बसून एक प्लॅन १:१०० ला ए३ कागदावर प्रिंट करून दाखवा. हे तिसरं जमलं नाही तर उठून ये. कॅडमध्ये सगळं खऱ्या मापात काढायचं आणि स्केल फक्त छपाईच्या वेळी लावायचं असतं. ज्याला हे शिकवता येत नाही तो बटणं शिकवतोय.

सिव्हिलकडे जायचं असेल तर चौथं: लेयरची शिस्त शिकवतात का? महाराष्ट्रात बांधकाम परवानगीचे नकाशे आता बऱ्याच ठिकाणी ऑनलाइन जातात आणि आधी सॉफ्टवेअर ते तपासतं. पुण्याच्या सॉफ्टटेकचं ऑटोडीसीआर हे त्यातलं एक. भूखंडाची हद्द ठरलेल्या लेयरवर नसेल, किंवा रेषा पूर्ण बंद होत नसेल, तर ते क्षेत्रफळच मोजू शकत नाही आणि फाइल परत येते. माणसाला जोडलेली दिसणारी रेषा अर्ध्या मिलिमीटरने उघडी असते. ऑटोकॅडमध्ये रेषा निवडून प्रॉपर्टीजमध्ये 'क्लोज्ड' समोर काय लिहिलंय ते बघायचं, लिब्रेकॅडमध्ये पॉलीलाइनच्या गुणधर्मांत तीच खूण मिळते.

भावाने डेमोला जाऊन प्रिंटचं विचारलं. प्रिंटर बंद आहे, पुढच्या आठवड्यात या, असं उत्तर मिळालं. तो अजून गेलेला नाही. सध्या मित्राच्या जुन्या लॅपटॉपवर लिब्रेकॅड टाकून मामाच्या घराचा प्लॅन काढतोय, आणि स्वयंपाकघराची एक भिंत त्याने टेप न लावता अंदाजाने घेतलीय हे मला मापांच्या बेरजेवरून कळलं.