गठाण वऱ्हाडाची, भाव लिव्हरपूलचा

अकोल्यात माझे बालपण जिनाच्या भोंग्यावर गेले. हंगामात कापसाच्या बैलगाड्यांची रांग संपता संपत नसे. एवढा कापूस जातो तरी कुठे, असा प्रश्न तेव्हा पडायचा. पुढे इतिहास वाचताना उत्तर सापडले.

1853 साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले. त्यापूर्वीही इथला कापूस बैलांच्या पाठीवरून थेट गंगेकाठच्या मिर्झापूरला जात असे. इंग्रजांचे लक्ष मात्र मँचेस्टरच्या गिरण्यांकडे होते. 1861 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस अडला आणि आपल्या पऱ्हाटीला सोन्याचे दिवस आले. विलायतेच्या बाजारात वऱ्हाडी कापसाचे नाव होते ‘ऊमरा’. ऊमरा म्हणजे आपली उमरावती, आजची अमरावती!

गंमत पाहा. 1865 मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले आणि आगगाडी नागपूरला पोहोचली 1867 मध्ये. 1870 साली खामगावचा फाटा सुरू झाला, तेव्हा खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले होते. तेजी ओसरली होती, पण रूळ पडले होते. कपाशीचा पेरा वाढतच गेला.

मग कारखाने आले नाहीत का? आले. पण बहुतेक सरकी काढणारे जिन आणि गठाणी बांधणारे प्रेस. नागपुरात 1877 साली जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल निघाली, पुढे अकोल्यात सावतराम मिल झाली. तरी वऱ्हाडात पिकणाऱ्या रुईच्या मानाने अशा गिरण्या मोजक्याच. बरीचशी रुई मुंबईमार्गे परदेशी जाई आणि विलायती कापड आपल्याच बाजारात विकायला येई. गावोगावच्या कोष्ट्यांचे माग त्यापुढे टिकले नाहीत.

याची किंमत 1899-1900 च्या दुष्काळात कळली. धान्य आणायला रेल्वे होती, पण ते विकत घ्यायला मजुराच्या हाती पैसा नव्हता. जगाशी व्यापार करणाऱ्या मुलखात माणसे भुकेने मेली.

व्यापार वाईट, असे मी म्हणणार नाही. पण आपला उद्योग गठाणीपाशी थांबला आणि पुढची कमाई दुसऱ्याच्या गावी गेली. आजही आपला शेतकरी भावासाठी परदेशी बाजाराकडे पाहतो. म्हणून कापसाबरोबर सूत आणि कापडही इथेच व्हावे, ही वऱ्हाडाची जुनी मागणी मला रास्त वाटते.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)