बोगनवेल : वृक्षाकार वळण

फुलवेलीचे एकच खोड राखून, वर गोल डेरा धरून तिला झाडासारखी वाढवण्याची बागकामातील पद्धत. कमान किंवा मांडव कायमचा न देता वेल स्वतःच्या खोडावर उभी राहावी, हा या वळणाचा उद्देश. महाराष्ट्रात त्यासाठी बोगनवेल सर्वांत सोयीची. थंड प्रदेशांत विस्टेरियाला असे वळण देतात.

बोगनवेल मूळची दक्षिण अमेरिकेची. 1767 च्या सुमारास फिलिबेर कॉमेर्सों या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने ती रिओ द जानेरोजवळ गोळा केली. ती गुलबक्षीच्या कुळातील आहे. तिचा भडक रंग सहपत्रांचा असतो. खरे फूल म्हणजे मधली बारीक, पांढुरकी नळी. तिला तणावे नसतात आणि विस्टेरियासारखी ती आधाराला पिळेही घालत नाही. काट्यांनी अडकत वर चढते. शिवाय जुने खोड लाकडासारखे जाड होते. त्यामुळे झाडाचा आकार ती सहज घेते.

बीड जिल्ह्यात, माजलगाव तालुक्यातील दिंद्रुडसारख्या कडक उन्हाच्या आणि बेभरवशाच्या पावसाच्या गावांना ही वेल मानवते. मुळे खोल गेली की तिला पाणी थोडे पुरते, उलट ताण बसल्यावर ती अधिक फुलते. मोसंबीला ताण देऊन बहार धरणाऱ्या मराठवाड्यातील बागायतदाराला हे नवे नाही. पाणी आणि युरिया जास्त झाला, तर नुसता पाला माजतो.

पावसाळ्यात पेन्सिलीएवढ्या जाड, पक्व काडीपासून रोप करतात. त्यातला सर्वांत जोमदार, सरळ फुटवा निवडून बाकीचे काढतात. शेजारी बांबू किंवा लोखंडी सळई रोवून फुटवा सैल सुतळीने ठिकठिकाणी बांधतात. खोड जाड होईल तशी सुतळी सैल करावी लागते, नाहीतर ती सालीत रुतते. बगलफुटी वेळीच खुडतात, पण खोडावरची पाने काही काळ ठेवतात, कारण खोड जाड होण्यासाठी लागणारे अन्न त्यांतूनच मिळते. चार-पाच फुटांवर शेंडा खुडला की वरच्या डोळ्यांतून फांद्या निघतात. त्याही थोड्या वाढल्यावर खुडल्या की डेरा दाट होतो.

द्राक्षबागेतही वेलीला एक खोड देऊन तारेवर ओलांडे धरतात. तिथे तारांचा आधार कायम असतो; इथे सळई काही वर्षांनी काढायची असते.

सळई निघाली तरी वेलीचा स्वभाव जात नाही. बुंध्यापासून लांबसडक फुटवे येतच राहतात. ते मुळाशी काढले नाहीत, तर वर्षभरात पुन्हा झुडूप होते. बहार नव्या फुटीवर येत असल्याने उन्हाळी बहार ओसरल्यावर, पावसाच्या तोंडाशी डेऱ्याची छाटणी करतात. काटे टोकदार असल्याने जाड हातमोजे हवेत, आणि झाड वाटेपासून दूर हवे.

डोळा भरून किंवा कलम करून एकाच खोडावर अनेक रंग घेता येतात. ‘मेरी पामर’ या कोलकात्यात निपजलेल्या वाणावर मात्र पांढरी आणि किरमिजी सहपत्रे कलमाशिवाय एकत्र येतात. बोगनवेलीच्या वाणांची आंतरराष्ट्रीय नोंदणी नवी दिल्लीतील भारतीय कृषी संशोधन संस्थेकडे आहे.