स्वस्त चांद्रयान, पण जुगाड नव्हे

चांद्रयान-३चा खर्च साधारण ६१५ कोटी. 'सिनेमापेक्षा स्वस्त' म्हणून आपण मीम फॉरवर्ड केले. पण पैसे वाचले कुठे?

मुळात चांद्रयान-२साठी लँडर रशिया देणार होता. २०११मध्ये त्यांची फोबोस-ग्रुंट मोहीम फसली, बेत बारगळला आणि लँडर इस्रोलाच बनवावा लागला. चाचणीसाठी चंद्रासारखी माती परदेशातून आणणं महाग. ती तमिळनाडूत नामक्कलच्या अनॉर्थोसाइट खडकातून तयार केली.

७ सप्टेंबर २०१९ला विक्रम कोसळला. उतरायची जागा जेमतेम ५०० मीटरचा चौकोन, आणि ती गाठायच्या नादात त्याचा वेग वाढत गेला.

पुढच्या वेळी नवा ऑर्बिटर पाठवलाच नाही. जुना चंद्राभोवती फिरतच होता. रॉकेट अपोलोच्या मानाने लहान, म्हणून चाळीस दिवसांचा वळसा. लँडरचे पाय मात्र भक्कम केले, इंधन वाढवलं, उतरायची जागा चार किलोमीटर लांब घेतली. काटकसर प्रवासात केली, उतरण्यात नाही. याला जुगाड म्हणणं मला पटत नाही.

२३ ऑगस्ट २०२३ला विक्रम अलगद उतरला. पुढे उरलेल्या इंधनावर त्याने सुमारे चाळीस सेंटिमीटरची एक उडीही मारली.