पॅक-मॅन

पॅक-मॅन हा नामको या जपानी कंपनीने १९८० साली प्रकाशित केलेला, नाणे टाकून खेळावयाचा आर्केड व्हिडिओ गेम आहे. तोरू इवातानी हे त्याचे रचनाकार होत. भूलभुलैयात पाठलाग करण्याच्या खेळांचा हा आदर्श नमुना मानला जातो. मूळ यंत्राहून दुबळ्या घरगुती संगणकांवर व गेम संचांवर तो अनेकदा उतरवला गेला. त्यामुळे त्याच्या आवृत्त्यांतून त्या काळातील यंत्रांच्या मर्यादाही दिसतात.

निर्मिती

त्या काळी जपानमधील आर्केडमध्ये अवकाशयुद्धाच्या खेळांचे प्राबल्य होते व खेळणारे बहुतांशी पुरुष असत. स्त्रियांनाही आवडेल असा खेळ करण्याच्या हेतूने इवातानी यांनी 'खाणे' हा विषय निवडला. एक तुकडा काढलेला पिझ्झा आणि 'तोंड' या अर्थाचे चौकोनी जपानी अक्षर यांवरून नायकाची आकृती सुचल्याचे त्यांनी सांगितले आहे. तोंडाच्या उघडझापीचा निदर्शक असलेल्या 'पाकु पाकु' या जपानी शब्दावरून खेळाचे नाव प्रथम 'पक मॅन' असे ठेवले गेले. यंत्रावरील या नावाचे पहिले अक्षर खोडून कोणी त्याची अश्लील शिवी करील, या भीतीने अमेरिकेत ते 'पॅक-मॅन' करण्यात आले. तेथे मिडवे या कंपनीने हा खेळ वितरित केला.

खेळाचे स्वरूप

खेळाडूने पिवळ्या गोल नायकाला भूलभुलैयातून फिरवून २४० लहान ठिपके व ४ मोठे ठिपके खायचे असतात. लहान ठिपक्याला १०, तर मोठ्या ठिपक्याला ५० गुण मिळतात. मोठा ठिपका खाल्ल्यावर भुते काही काळ निळी पडतात आणि नायक त्यांना खाऊ शकतो. एकाच ठिपक्याच्या प्रभावात लागोपाठ खाल्लेल्या चार भुतांना अनुक्रमे २००, ४००, ८०० व १,६०० गुण असतात.

चारही भुतांची चाल वेगळी आहे. लाल ब्लिंकी नायक असलेल्या घराकडेच धावतो, तर गुलाबी पिंकी त्याच्या पुढील चार घरांवर नेम धरते. आकाशी इंकीचे लक्ष्य नायक व ब्लिंकी या दोघांच्या स्थानांवरून ठरते. नारिंगी क्लाइड दूर असताना पाठलाग करतो, पण जवळ येताच आपल्या कोपऱ्याकडे वळतो. अधूनमधून सर्व भुते पाठलाग सोडून आपापल्या कोपऱ्यांकडे जातात, त्यामुळे खेळाडूला उसंत मिळते.

फेरीचा क्रमांक आठ बिटांत साठवला जात असल्याने २५६ व्या फेरीत फळे रेखाटण्याचा हिशेब चुकतो आणि पडद्याचा उजवा अर्धा भाग निरर्थक चिन्हांनी भरून जातो. पुरेसे ठिपके उरत नसल्यामुळे ही फेरी पूर्ण करता येत नाही.

घरगुती आवृत्त्या

सर्वाधिक चर्चा झाली ती १९८२ मधील अटारी २६०० आवृत्तीची. टॉड फ्राय यांनी ती ४ किलोबाइटच्या कार्ट्रिजमध्ये बसवली. या संचाची कार्यकारी स्मृती अवघी १२८ बाइट होती. चारही भुते एकाच वेळी दाखवणे कठीण असल्याने ती आळीपाळीने रेखाटली गेली व लुकलुकू लागली. भूलभुलैयाची रचना, रंग आणि ध्वनीही मूळ खेळासारखे राहिले नाहीत. या आवृत्तीच्या ७० लाखांहून अधिक प्रती विकल्या गेल्या, तरी ग्राहकांचा अपेक्षाभंग झाला. १९८३ मध्ये अमेरिकी व्हिडिओ गेम बाजार कोसळला, त्याच्या कारणांत या घटनेचाही उल्लेख केला जातो.

अटारी ५२००, कमोडोर ६४ व एमएसएक्स यांवरील आवृत्त्या मूळ खेळाच्या अधिक जवळ होत्या. निन्टेन्डोच्या फॅमिकॉम संचावर नामकोने १९८४ मध्ये हा खेळ आणला. पुढे तो गेम बॉयसारख्या हातात धरावयाच्या संचांवर व मोबाइल फोनवरही आला.

१९८१ मध्ये मॅग्नावॉक्सच्या संचासाठी आलेल्या 'के. सी. मंचकिन' या खेळावरून अटारीने दावा लावला. भूलभुलैया व ठिपके ही खेळाची सर्वसाधारण अंगे असली, तरी खादाड नायक व भुते यांची विशिष्ट मांडणी संरक्षणास पात्र आहे, असे अमेरिकी अपील न्यायालयाने १९८२ मध्ये ठरवून त्या खेळाच्या विक्रीस मनाई केली.

भारतातील प्रसार

महाराष्ट्रासह भारतात १९९० च्या दशकात अनेक घरांत हा खेळ पोहोचला तो फॅमिकॉमच्या स्वस्त नकली संचांमधून. दूरचित्रवाणी संचाला जोडावयाच्या या यंत्रांसोबत एकाच 'कॅसेट'मध्ये अनेक खेळ मिळत. आकाराने लहान असलेला पॅक-मॅन अशा संग्रहांत सहज सामावत असे. या आवृत्तीत गुण कायमचे साठवण्याची सोय नव्हती, त्यामुळे वीज गेली की उच्चांकही पुसला जाई.

वारसा

१९८२ मध्ये 'मिस पॅक-मॅन' हा खेळ व दूरचित्रवाणीवरील व्यंगचित्रमालिका आली. तिसाव्या वर्धापनदिनी, मे २०१० मध्ये, गूगलने आपल्या मुखपृष्ठावर खेळता येणारी आवृत्ती ठेवली. न्यू यॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने २०१२ मध्ये पॅक-मॅनचा आपल्या संग्रहात समावेश केला.