हस्तांदोलन, सुरक्षित जोडणीचे

महाजालावरील ब्राउझर व सर्व्हर यांच्यात गुप्त संदेशवहन सुरू होण्यापूर्वी जी प्राथमिक देवाणघेवाण होते, तीस ‘हस्तांदोलन’ म्हणतात. तीत ब्राउझर आपणास ज्ञात असलेली नियमावलीची सर्वोच्च आवृत्ती व कूटलेखनाच्या पद्धती कळवितो. सर्व्हर त्यांतून उभयमान्य पर्याय निवडतो व प्रमाणपत्राने आपली ओळख पटवितो. त्यानंतर दोघे मिळून त्या जोडणीपुरती गुप्त किल्ली सिद्ध करतात.

नेटस्केप कंपनीने १९९५ मध्ये एसएसएल २.० ही नियमावली प्रसृत केली. त्याच वर्षी बर्कली येथील इअन गोल्डबर्ग व डेव्हिड वॅग्नर या विद्यार्थ्यांनी नेटस्केप ब्राउझरमधील एक दोष उघड केला. किल्लीसाठी लागणाऱ्या यादृच्छिक संख्येचे बीज वेळ व प्रक्रिया-क्रमांक यांपासून घेतले जात असल्याने किल्ली अल्पावधीत हुडकता येत असे. नियमावलीप्रमाणेच तिच्या अंमलबजावणीचीही स्वतंत्र चाचणी आवश्यक असते, हे यावरून स्पष्ट झाले. १९९६ मध्ये एसएसएल ३.० व १९९९ मध्ये टीएलएस १.० या आवृत्त्या आल्या.

अपरिचित उच्च आवृत्ती पुढे आल्यास सर्व्हरने स्वतःस ज्ञात असलेली खालची आवृत्ती सुचवावी, असा नियम होता. परंतु अनेक सर्व्हर अशा वेळी जोडणीच तोडीत. यास ‘आवृत्ति-असहिष्णुता’ म्हणतात. प्रचलित ब्राउझरांशीच चाचणी घेतल्यास हा दोष दिसत नाही. नवी आवृत्ती आली की तो प्रकट होतो. संस्थळ न उघडल्यास वापरणारा ब्राउझरलाच दोष देई. म्हणून ब्राउझरनिर्मात्यांनी खालच्या आवृत्तीने पुन्हा प्रयत्न करण्याची सोय केली. ही सोयच घातक ठरली. मध्यस्थ हल्लेखोर मुद्दाम अडथळा आणून दोन्ही पक्षांना जुन्या, सदोष एसएसएल ३.० वर उतरवू शकतो, हे गूगलच्या संशोधकांनी २०१४ मध्ये ‘पूडल’ हल्ल्याद्वारे दाखविले. २०१५ मध्ये ती आवृत्ती वर्ज्य ठरली.

टीएलएस १.३ ही आवृत्ती २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. तत्पूर्वीच्या क्षेत्रचाचण्यांत वाटेतील काही तपासणी-यंत्रणा नवे हस्तांदोलन अडवीत असल्याचे आढळले. त्यामुळे त्याचे बाह्यरूप १.२ सारखे ठेवण्यात आले व खरा आवृत्तिक्रमांक स्वतंत्र पुरवणीत घालण्यात आला. ब्राउझराने हस्तांदोलनात मुद्दाम काही निरर्थक मूल्ये घालण्याची ‘ग्रीस’ ही योजनाही २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. अपरिचित मूल्यांकडे दुर्लक्ष करण्याचा नियम सर्व्हर पाळतो की नाही, याची तीमुळे दैनंदिन वापरातच परीक्षा होत राहते आणि दोष भावी आवृत्तीपर्यंत दडून राहत नाही. टीएलएस १.० व १.१ या आवृत्त्या २०२१ मध्ये त्याज्य ठरविण्यात आल्या.