कुंपणाने खाल्लेलं गाव

बाग म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे आधी कुंपण येतं. आजोळी कोकणात आगराभोवती दगडांचा गडगा होता आणि ये-जा करायला बेडं. कुणी बेडं उघडं टाकलं की गुरं आत शिरायची आणि आजी काठी घेऊन धावायची. बाग कुठे संपते आणि गाव कुठे सुरू होतं, याबद्दल कुणालाच शंका नसायची.

त्यामुळे इंग्लंडमधल्या स्टो इथली बाग पाहताना मी सवयीने कुंपणच शोधत होते. माझी भाची मिल्टन कीन्सला असते. तिथून मोटारीने थोड्या अंतरावर बकिंगहॅम गावाच्या शेजारी ही बाग आहे. मे महिन्याचे दिवस होते. समोर हिरवळ पसरलेली, ती थेट लांबवर चरणाऱ्या मेंढ्यांपर्यंत गेलेली. मध्ये तार नाही, भिंत नाही, काही नाही. मी मेंढ्यांच्या दिशेने चालत सुटले आणि मागून भाची ओरडली, ‘‘अगं मावशी, थांब!’’ पायाशी पाहिलं तर जमीन संपलेली. चांगला खोल चर होता. बागेच्या बाजूने सरळ उभी बांधलेली भिंत आणि पलीकडच्या बाजूने हळूहळू वर जाणारा उतार. मेंढी उतारावरून खाली येईल, पण भिंत चढून बागेत येऊ शकणार नाही. आणि बागेतून पाहणाऱ्याला तो चर दिसतच नाही. नजर सलग कुरणापर्यंत जाते.

या चराला इंग्रजीत ‘हा-हा’ म्हणतात. अवचित समोर आला की माणूस दचकून ‘हा!’ करतो म्हणून हे नाव पडलं, असं अठराव्या शतकातला लेखक होरेस वॉल्पोल सांगतो. मूळची युक्ती फ्रान्सची. इंग्लंडात ती रुजवणाऱ्या पहिल्या बागांपैकी एक म्हणजे स्टो. चार्ल्स ब्रिजमन या उद्यानतज्ज्ञाने ती इथे वापरली आणि पुढे देशभरातल्या जमीनदारांनी उचलली. इंग्लंडची म्हणून जी ‘निसर्गदृश्याची बाग’ जगभर गाजली, तिचं मर्म या चरात आहे. कुंपण काढलेलं नाही, फक्त दिसेनासं केलं आहे.

त्याआधी युरोपात बाग म्हणजे व्हर्सायसारखी, पट्टीने आखलेली. इंग्रज म्हणू लागले की ही बादशाही थाटाची बाग झाली. आम्ही स्वतंत्र माणसं, आमच्या बागेत झाडं मोकळी वाढतील आणि पाणी वळणं घेत जाईल. स्टोचा मालक रिचर्ड टेंपल, म्हणजे लॉर्ड कॉबम, हा लढाया गाजवलेला सेनानी आणि व्हिग पक्षाचा पुढारी. १७३३ साली पंतप्रधान रॉबर्ट वॉल्पोलशी त्याचं बिनसलं आणि त्याने राग बागेत काढला. ‘प्राचीन सद्गुणांचं मंदिर’ घडीव आणि देखणं बांधलं, तर ‘आधुनिक सद्गुणांचं मंदिर’ मुद्दाम पडकं बांधून त्यात मुंडकं नसलेला पुतळा ठेवला. पाहणाऱ्यांना तो कोण ते सांगावं लागत नसे. न्यूटन, शेक्सपिअर, मिल्टन अशा सोळा थोर ब्रिटिशांचे अर्धपुतळे एका अर्धवर्तुळाकार भिंतीत बसवले आणि त्याच भिंतीच्या मागच्या बाजूला आपल्या लाडक्या कुत्र्याच्या स्मरणार्थ लेख कोरला! घराण्याचं आडनाव टेंपल आणि ब्रीदवाक्यही देवळांचंच. बागेत पाहावं तिकडे देवळं.

खरं देऊळ मात्र दिसत नाही. वाड्यापासून हाकेच्या अंतरावर, दाट झाडांच्या आड, एक जुनं दगडी चर्च आहे. भाचीने दाखवलं म्हणून कळलं. बागेत चर्च कशाला? तर ते बागेचं नव्हेच, ते स्टो नावाच्या गावाचं. गावकऱ्यांची घरं, परसं, गावातला रस्ता हे सगळं इथे होतं. बाग वाढत गेली तसं गाव उठत गेलं आणि माणसं आसपासच्या खेड्यांत गेली. चर्च पाडता येत नव्हतं, म्हणून भोवती झाडं लावली. आपल्याकडे म्हणतात ना, कुंपणच शेत खातं. इथे तर न दिसणाऱ्या कुंपणाने अख्खं गाव खाल्लं होतं. चर्च अजून वापरात आहे.

आणि हे एकट्या स्टोचं नाही. डॉर्सेटमधल्या मिल्टन ॲबसला जोसेफ डेमर नावाच्या उमरावाला वाड्याच्या खिडकीतून बाजारपेठेचं गाव दिसत होतं, ते खपेना. शंभरावर घरांचं ते गाव त्याने एकेक भाडेपट्टा संपेल तसं पाडत नेलं आणि काही अंतरावर, नजरेआड, १७८०च्या सुमाराला गवती छपरांच्या एकसारख्या घरांची नवी वसाहत बांधली. एका घरात दोन कुटुंबं. गावातल्या एका वकिलाने पट्टा सोडायला नकार दिला, तेव्हा तलावाचं पाणी त्याच्या घरात सोडल्याचं सांगतात. वकीलच तो, कोर्टात गेला आणि जिंकला. आज तीच वसाहत इंग्लंडमधलं सर्वांत सुंदर खेडं म्हणून कॅलेंडरांवर छापतात. ऑलिव्हर गोल्डस्मिथची ‘डेझर्टेड व्हिलेज’ ही कविता आली ती याच काळात, १७७० साली.

पण पुन्हा स्टोकडे येऊ. १७४१ साली इथे मुख्य माळी म्हणून पंचविशीच्या आतला एक पोरगा आला, लॅन्सलॉट ब्राऊन. ‘तुमच्या जागेत पुष्कळ शक्यता आहेत’ असं गिऱ्हाइकाला सांगण्याच्या सवयीमुळे पुढे तो ‘केपेबिलिटी ब्राऊन’ म्हणून प्रसिद्ध झाला. देशातल्या दीडशेहून अधिक बागांना त्याचा हात लागला. त्याचं लग्न १७४४ साली याच झाडांआडच्या चर्चमध्ये झालं. स्टोमधली ‘ग्रीक दरी’ त्याच्या काळातली. ती पाहताना वाटतं, काय सुंदर नैसर्गिक खोलगट जागा आहे! नैसर्गिक कसली, ती माणसांनी फावड्यांनी खणली, हातगाड्यांनी माती वाहिली. गवत कापायचं यंत्र निघालं १८३० मध्ये. तोवर पहाटे, गवतावर दव असतानाच, माणसं लांब दांड्याच्या विळ्यांनी हिरवळ कापत. अशा बागांत तण काढायला बायका असत, पुरुषांपेक्षा बऱ्याच कमी मजुरीवर. तणाला कुठला देश आणि कुठलं शतक! सोळा थोरांच्या भिंतीत यांच्यापैकी कुणी असण्याचा प्रश्नच नव्हता.

आता कॉबमच्या स्वातंत्र्यप्रेमाची दुसरी बाजू. बागेत टेकाडावर त्याने आपल्या पूर्वजांच्या स्वातंत्र्याला अर्पण केलेलं एक लालसर दगडाचं मंदिर उभारलं. त्याच काळात, १७२३ साली झालेला ‘ब्लॅक ॲक्ट’ देशात लागू होता. पन्नासेक गुन्ह्यांना फाशी. चेहरा काळा करून हरणं चोरणं हा त्यातला एक, आणि शोभेसाठी लावलेली झाडं तोडणं हासुद्धा. होय, झाडासाठी फाशी. हा कायदा बऱ्याच अंशी रद्द झाला तो थेट १८२३ साली. स्टोच्या परिसरात एक कथा सांगतात. पुरावा म्हणून नव्हे, लोकांच्या तोंडची म्हणून सांगते. कॉबमच्या राखीव रानात हरणं मारताना दोन तरुण सापडले. त्यांच्या बायका पदर पसरून वाड्यावर गेल्या. कॉबम म्हणाला, अमुक दिवशी नवरे घरी पाठवतो. दिलेला शब्द त्याने पाळला. त्या दिवशी गाडीतून दोघांची प्रेतं घरी आली.

पाहुण्यांचं स्वागत मात्र उत्तम होई. बाग पाहायला येणाऱ्यांसाठी कॉबमने १७१७ सालीच वेशीवर ‘न्यू इन’ नावाचं उतारघर बांधलं होतं. तिथून चालत बेल गेटपाशी यायचं, घंटा वाजवायची, माळी दार उघडणार. बेंटन सीली या बकिंगहॅममधल्या पुस्तकविक्रेत्याने १७४४ साली बागेची माहितीपुस्तिका काढली. इंग्लंडमधल्या बागेवरची ही अशी पहिलीच पुस्तिका मानतात. रशियाच्या राणी कॅथरीनने वेजवूडकडून भलामोठा जेवणाचा संच करून घेतला, त्याच्या बशांवरही स्टोची दृश्यं आहेत.

१७७० साली राजकन्या अमेलिया आली, तेव्हा बागेतल्या गुहेत दिवे लावून रात्रीची मेजवानी झाली. पाहुण्यांत होरेस वॉल्पोल होता. ज्याची बिनमुंडक्याच्या पुतळ्याने टर उडवली होती, त्या पंतप्रधानाचा हा मुलगा! जुलैतही थंडी कडक होती आणि हे सगळे उतारवयातले लोक कोट-शाली गुंडाळून, कठड्याला धरून, लंगडत स्वर्गीय वनविहाराला निघालेले पाहून आपल्याला हसू आवरेना, असं त्याने पत्रात लिहिलं आहे. १७८६ मध्ये थॉमस जेफर्सन आणि जॉन ॲडम्स हे अमेरिकेचे पुढचे दोन अध्यक्ष जोडीने येऊन गेले. जेफर्सनने रचनेची बारीक टिपणं केली. ॲडम्सने डायरीत लिहिलं की आपल्या देशात या असल्या बागांची चाल लवकर न पडो. मला ॲडम्स जवळचा वाटतो.

शेवटी बागेने घराणंही खाल्लं, असं म्हणायला हरकत नाही. अर्थात, बागेइतकाच दोष निवडणुका, जमीनखरेदी आणि चैनीचा. मधल्या काळात मालक ड्यूक झाले होते. लग्नसंबंधातून जमैकातला गुलामांच्या श्रमावर चालणारा ‘होप’ नावाचा उसाचा मळाही घराण्यात आला होता. १८४५ मध्ये व्हिक्टोरिया राणीचा पाहुणचार झाला आणि तीनच वर्षांनी वाड्यातल्या वस्तूंचा लिलाव पुकारला गेला. तो चाळीस दिवस चालला.

त्या कर्जबाजारी ड्यूकचा मुलगा, बकिंगहॅमचा तिसरा आणि शेवटचा ड्यूक, १८७५ साली मद्रासचा गव्हर्नर होऊन आपल्याकडे आला. पाठोपाठ १८७६ ते ७८चा भीषण दुष्काळ. दुष्काळी कामावरच्या मजुराला दिवसाला एक रत्तल धान्य आणि वर एक आणा इतकीच मजुरी द्यावी, असा दंडक सर रिचर्ड टेंपलने घातला. (स्टोच्या घराण्याचं मूळ आडनावही टेंपलच.) पुण्याच्या सार्वजनिक सभेने याच मजुरीविरुद्ध आवाज उठवला, आणि मद्रासच्या ड्यूकचंही टेंपलशी पटलं नाही, हे त्याच्या बाजूने नोंदवायला हवं. त्या दुष्काळात मद्रास शहरातून जो कालव्याचा तुकडा उपाशी माणसांनी खणला, त्यामुळे सबंध कालव्यालाच बकिंगहॅमचं नाव मिळालं. चेन्नईत आता या कालव्याच्या पात्रातच लोकल गाडीच्या पुलाचे खांब उभे आहेत.

स्टोच्या वाड्यात १९२३ साली शाळा सुरू झाली, ती अजून आहे. बाग १९८९ पासून नॅशनल ट्रस्टकडे आहे. तिकीट काढायचं ते त्याच न्यू इनमध्ये. आम्ही गेलो त्या दिवशी आत बाबागाड्या होत्या, कुत्री होती, डबे उघडून बसलेली कुटुंबं होती. निघायच्या आधी मी भाचीला म्हटलं, मला एकदा मेंढ्यांच्या बाजूने बघायचं आहे. बराच वळसा पडला. ती थोडी कुरकुरली. पण त्या बाजूने उतरून गेलं की दगडी भिंत समोर स्पष्ट दिसते. माझ्या छातीपर्यंत येत होती.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)