अकरा किलोंची पेटी

केळीचा घड खांद्यावर घेतलाय ना कधी? बुऱ्हाणपुरात राहून नाही कसा! मग चला, तो खांदा आज कामाला येईल. डोळे मिटा, पॉवरलूमची खडखड मागे पडू द्या.

आता उघडा. १९८१ चा एप्रिल, सॅन फ्रान्सिस्कोतली वेस्ट कोस्ट कॉम्प्युटर फेअर. माणसं बालाजीच्या मेळ्यासारखी एकमेकांना खेटून चाललीत. कॉफीचा वास, तापलेल्या प्लास्टिकचा वास, मानेवर कुणाचा तरी गरम श्वास. घुसा पुढे. टेबलावर शिलाई मशीनच्या पेटीसारखं काही दिसतंय? तेच ते. ऑस्बोर्न १ कॉम्प्युटर.

मूठ धरून उचला. बाप रे! अकरा किलो. घड निदान खांद्यावर बसतो. ही एका हातात लोंबकळते आणि चालताना गुडघ्यावर आदळते. पण विमानात सीटखाली मावते, आणि या घडीला एवढंच ऐकून लोक हरखलेत. विकणारा ॲडम ऑस्बोर्न लहानपणी आपल्याच देशात, तिरुवन्नामलाईत वाढला. यंत्र घडवलं ली फेल्सेनस्टाइननं. किंमत १,७९५ डॉलर.

ठेवा खाली, खटके उघडा. निघालेलं झाकण म्हणजेच कीबोर्ड! समोर फ्लॉपीच्या दोन खाचा आणि मधे पाच इंची पडदा, पोस्टकार्डाहूनही लहान. वाका. शेजारच्याचं डोकं लागेल, लागू द्या. एका ओळीत ५२ अक्षरं मावतात. ओळ लांब असेल तर पडदा बाजूला सरकवत वाचायची, दाराच्या फटीतून रथ जाताना बघावा तशी.

फ्लॉपी सरकवा. घुर्र... खर्र... आतलं काहीतरी जागं होतंय, पेटीला हात लावा, कोमट लागेल. आता सुपरकॅल्क, हिशेब मांडायचा प्रोग्राम. मंडीतल्या गाड्या मांडा: वजन, भाव, रक्कम. भावाचा एक आकडा बदला. बघा, बघा! खालची बेरीज आपोआप बदलली! मला तर पडद्यापेक्षा, मुठीपेक्षा हेच मोठं वाटतं. पेढीवर कंदिलाशी बसून रात्र रात्र खतावणी जुळवणाऱ्या मुनीमजींना हे दाखवायला हवं होतं.

निघालात पेटी उचलून? थांबा, हिच्या पोटात बॅटरी नाही. प्लग काढायच्या आधी हिशेब फ्लॉपीवर उतरवून घ्या. घेतला? आता हात बदला, घर लांब आहे.